लातूरची हुग्गी आणि माझी तहान

नांदेड-लातूरकडे आमच्या सांगलीची माणसं सहसा जात नाहीत. तिकडे डोंगर नाही, समुद्र नाही, थंड हवेचं ठिकाण नाही. त्यातून मी गेलो तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी पाऊस रुसलेला. तरी गेलो, कारण नांदेडहून अक्काचं पत्र आलं होतं. पत्रात दोनच ओळी होत्या. मंदाला लातूरचं स्थळ आलंय. मामाशिवाय बैठक होत नाही, लगेच निघ.

मंदा ही माझी एकुलती एक भाची. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो, शाळेत चित्रकला शिकवत होतो, आणि आदल्या दिवाळीत मला मधुमेह असल्याचं कळलं होतं. ज्या गावच्या हवेलाही गुऱ्हाळाचा वास येतो त्या गावात हा आजार व्हावा, यासारखी चेष्टा नाही. डॉक्टर म्हणाले, "गोड बंद." माझ्या बायकोनं, कमलनं, हे वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावायचं तेवढं बाकी ठेवलं. चहात साखर नाही, सणाला पोळी नाही, शेजारच्या बारशाचा पेढा आला तर तो माझ्या डोळ्यांदेखत मोलकरणीच्या हातात.

कमलला आईच्या आजारपणामुळे माझ्याबरोबर येता येईना. तिनं माझ्या पिशवीत गोळ्या ठेवल्या आणि एक लाकडी डबी ठेवली. डबीत काचेची नळी, स्पिरिटचा छोटा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली. तेव्हा साखर अशीच तपासायची. नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. पोपटी झालं तर थोडी साखर, हळदी झालं तर बरीच, आणि विटकरी झालं तर काही खरं नाही. चित्रकलेचा मास्तर असल्यामुळे मला मधल्याही छटा दिसायच्या आणि त्यांचा मी सोयीनं अर्थ लावायचो.

"रोज सकाळी बघायचं," कमल म्हणाली. "आणि आल्यावर रंग सांगायचे. खरे."

नांदेड

दोन गाड्या बदलून नांदेडला पोचलो. गोदावरीच्या पुलावरून खाली बघितलं तर पात्रात वाळूच जास्त. मधल्या डबक्यांभोवती बायका धुणं घेऊन बसलेल्या. आमच्या कृष्णेचं ऐन उन्हाळ्यातलं पाणी आठवून मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तीस वर्षं नांदेडात काढल्यामुळे तिची भाषा पार तिकडची झालेली. भाऊजी जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांनाही साखरच होती. शेवटी पायाची जखम चिघळली आणि ते गेले. मंदानं त्यांचं सगळं केलं, तशातच शिक्षण पुरं केलं, आणि आता ती उमरीच्या शाळेत शिकवत होती. रोज सकाळच्या रेल्वेनं जायची, संध्याकाळी यायची.

पाय धुवायला तांब्याभर पाणी देऊन अक्कानं मला समोर बसवलं.

"मल्लू, नीट ऐक. लातूरला गेल्यावर 'मला गोड चालत न्हाई' हे तोंडातून काढायचं न्हाई."

"का?"

"उदगीरचं स्थळ आलतं. चांगलं होतं. पोरीच्या बापाला साखर होती हे कुणीतरी सांगितलं त्यास्नी. पुन्हा फिरकले न्हाईत. परभणीचं बी तसंच गेलं. आता बापाला होती आन मामाला बी हाय म्हणल्यावर कोण करून घेईल? तितं जे वाढतील ते हसत खायाचं. आतापासून सवय कर."

आयुष्यात बहिणीचं ऐकायला मला इतका आनंद कधी झाला नव्हता. सहा महिने उपाशी ठेवलेल्या माणसाला मोठ्या बहिणीची आज्ञा मिळाली होती आणि त्या आज्ञेला भाचीच्या कल्याणाचं कारणही होतं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "मंदासाठी एवढं तर करावंच लागेल."

मंदा दारात उभी राहून हे ऐकत होती. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी नजर वळवली.

सवय करायला नांदेडसारखं गाव नाही. अक्काच्या शेजारी हलीमाबी राहायच्या. त्यांचे मालक घड्याळं दुरुस्त करायचे, दोन्ही घरांत तीस वर्षांचा घरोबा. पाहुणा आलाय कळल्याबरोबर त्यांनी काचेच्या वाटीत खुबानीचा मीठा पाठवला आणि पाठोपाठ स्वतः आल्या. आमच्याकडे शेजारीण पदार्थ पाठवते आणि भांडं परत यायची वाट बघते. इथे पाहुणा खाईपर्यंत शेजारीण समोर बसते.

"खाओ भाईजान. हैदराबादसे खुबानी मंगवाई थी ईदको, जपके रक्खी मैं."

वाळवलेल्या जर्दाळूंचा तो दाट, तपकिरी-लाल गर होता. वर सायीचा पातळ थर. पहिल्या चमच्याला आंबटसर लागलं, मग गोडी हळूहळू जिभेवर पसरली आणि मागे थांबून राहिली. त्यात जर्दाळूच्या बिया फोडून आतला गर टाकलेला. बदामासारखा तो दाताखाली येई. मी वाटी संपवली, आणि हलीमाबींनी विचारायच्या आत दुसरीला हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मंदानं मला गुरुद्वाऱ्यात नेलं. पांढराशुभ्र संगमरवर, डोक्याला रुमाल बांधून शांतपणे चालणारी माणसं. बाहेर सगळ्या गावाचे घसे कोरडे असताना आत येणाऱ्या प्रत्येकाला पाणी मिळत होतं आणि कुणी कुणाला गाव विचारत नव्हतं. निघताना ओंजळीत कढा प्रसाद मिळाला. कणकेचा शिरा, पण आपल्या शिऱ्याला त्याची सर नाही. इतका गरम आणि इतका तुपाळ की ओंजळीतून तूप मनगटापर्यंत ओघळलं. प्रसाद कोणी नाकारतं का? मी डोळे मिटून खाल्ला.

बाहेर आल्यावर मंदा म्हणाली, "मामा, तुम्ही दोनदा रांगेत उभे राहिलात."

"पहिल्यांदा तुझ्यासाठी मागितलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"अक्कासाठी."

"आणि दोन्ही तुम्हीच खाल्ले," ती म्हणाली. हसली, पण तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. "मामा, आई तुम्हाला खायला लावते. मला ते पटलेलं नाही. मी आईला तसं सांगितलंय."

मी विषय बदलला. त्या दिवशी सकाळी नळीतलं औषध हळदी झालं होतं. मी त्याला स्वतःशी 'गडद पोपटी' म्हणालो होतो.

नांदेड ते लातूर

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं एसटीनं निघालो. अक्काजवळ फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या होता. अहमदपूरच्या अलीकडेच मी तो रिकामा केला. घसा असा सुकलेला की जीभ टाळूला चिकटत होती. दोन्ही बाजूंना नुसती काळी रानं, भेगा पडलेली. बाभळीखाली उभी जनावरं मानही वर करत नव्हती. एका ठिकाणी रस्त्याच्या कामावर बायका खडी फोडत होत्या आणि मुलं त्यांच्या पदराच्या सावलीत झोपलेली.

चाकूरला गाडी थांबली. मी उतरून स्टँडसमोरच्या हॉटेलात गेलो. दारातच पाण्याचं पिंप होतं आणि त्याच्या झाकणाला चक्क कुलूप.

"एक गिलास पाणी द्या," मी म्हणालो.

गल्ल्यावरचा माणूस सभ्य होता. "साहेब, नुसतं पाणी न्हाई देता येत. गाडीतली सगळीच माणसं मागतेत. कायतरी खावा, मग पाणी देतो."

"काय आहे?"

"बालुशाही हाय. ताजी हाय."

माझी बाजू लक्षात घ्यावी. मला पाणी हवं होतं. पाण्यासाठी बालुशाही खाणं भाग होतं. बालुशाही खुसखुशीत होती, आत पाक मुरलेला, वरची साखर पांढरी पापडी होऊन बसलेली. ती खाल्ली, पाणी प्यालो, आणि बालुशाहीनं तहान आणखी वाढली. म्हणून दुसरी घेतली. खिडकीतून मंदा पाहत होती. मी गाडीत चढल्यावर तिनं मला खिडकीची जागा दिली आणि लातूर येईपर्यंत तिच्या पिशवीतलं पुस्तक उघडून बसली. तिनं एकही पान उलटलं नाही.

लातूर

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं आणि गावाला त्याची नवलाई होती. सायकलरिक्षावाला म्हणाला, "जिल्ह्याला पहिल्यांदाच आलाव का?" पानवाल्यानं 'जिल्हा पान भांडार' अशी पाटी लावलेली. सरकारी कचेऱ्यांना इमारती पुऱ्या पडत नव्हत्या, म्हणून कुठे भाड्याच्या घरात, कुठे गोदामावर फलक लटकलेले. 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' रंगवलेलं, पण घाई झाल्यामुळे जुनी अक्षरं खालून डोकावत होती. मला प्रत्येक पाटीवर दोन-दोन अक्षरं दिसत होती. मंदाला म्हणालो, "रंगाऱ्यानं एक हात कमी दिलाय." ती म्हणाली, "मामा, ही पाटी पत्र्यावर नवीन केलेली आहे. खाली काही नाही." तेव्हा कळलं की दोष रंगाऱ्याचा नाही, माझे डोळेच अंधुक झालेत. मी चष्मा पुसला.

मुलाचे वडील सिद्रामप्पा, डाळीचे व्यापारी. उंच, आवाज भरदार, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे. मुलगा बसवराज नव्या कलेक्टर कचेरीत कारकून. मुलाची आई नव्हती. घर चालवत होत्या त्या सिद्रामप्पांच्या थोरल्या विधवा बहीण, नागूबाई. त्यांना सगळं घर आत्या म्हणे, म्हणून मीही तेच म्हणतो.

"शरणार्थ, शरणार्थ," असा नमस्कार करत आम्ही आत गेलो. बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी भांडी मांडून ठेवलेली. हंडे, घागरी, परात, कुकर, लाडवांचा डबा, पिठाचं पातेलं, सगळी पाण्यासाठी, आणि बहुतेकांतलं पाणी आता तळाला गेलेलं. नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं आणि आजचा दिवस चौथा होता.

पाहुण्यांपुढे आधी गूळ आणि पाणी आलं. आमच्याकडे गुळाचा खडा लहान असतो आणि पाण्याचा तांब्या मोठा. इथे गुळाचा खडा मुठीएवढा, आणि पाणी छोट्या फुलपात्रात. तेवढंच त्यांच्याजवळ होतं आणि तेही त्यांनी पुढे केलं होतं. मी ते एका घोटात संपवलं आणि फुलपात्र हातात धरून बसलो. आत्यांनी ते भरलं. पुन्हा संपलं. तिसऱ्यांदा त्यांनी तांब्याच माझ्याजवळ ठेवला.

बोलणी सुरू झाली. सिद्रामप्पांनी मंदाला शाळेचं विचारलं, रेल्वेचं विचारलं, मुलं किती, पगार वेळेवर होतो का, हे विचारलं. ती मोजकी आणि स्पष्ट उत्तरं देत होती. बसवराजनं फक्त एक विचारलं. "शाळेत पाणी असतं का?"

"हातपंप आहे. मुलं रांगेनं पितात," मंदा म्हणाली. "पण आता त्यालाही खरखर लागलीय."

तो मान डोलावत राहिला. मला तो आवडला.

एवढ्यात मी दोनदा उठून मागच्या अंगणात जाऊन आलो होतो. तिथे संडासाबाहेर बादली होती, आणि प्रत्येक वेळी तिच्यातलं पाणी कमी होत होतं. तिसऱ्यांदा बाहेर आलो तर बादलीजवळ आत्या उभ्या. ठेंगण्या, गोऱ्या, पदर खांद्यावरून घट्ट लपेटलेला. त्या रागावल्या असतील असं वाटून मी म्हणालो, "फार पाणी वाया घालवलं मी. माफ करा."

"पाण्याचं काय न्हाई. पावनं, एक इचारू?"

"विचारा."

"किती वरसं झाली?"

"कशाला?"

"साखरेला."

मी बादलीकडे पाहिलं.

"पाणी लई पिऊलालाव तुमी," त्या म्हणाल्या. करतोयला करूलालोय म्हणायची लातूरची रीत मी सकाळपासून ऐकत होतो. "आमच्या मालकाला असंच व्हायचं. घागर घागर प्यायचे. घरामागच्या भिंतीपाशी जायचे आन मागनं मुंग्यांची रांग लागायची. मुंग्यांनी सांगितलं आमाला, डाक्टरनं न्हाई. सात वरसं म्या केलं त्यांचं."

"आत्या, बहिणीनं सांगितलं होतं की..."

"ठाव हाय काय सांगितलं आसल. म्या बी सांगितलं आसतं." त्यांनी बादली उचलून आडोशाला ठेवली. "म्या कुणाला बोलणार न्हाई. पर तुमी बोला. आज लपवलं आन लगनानंतर कळलं, तर ते पोरीला बोलतील. जलमभर बोलतील. तुमी काय, उद्या सांगलीला जाताव."

असं म्हणून त्या आत गेल्या. मी अंगणात उभा राहिलो. ऊन भाजत होतं. गेले तीन दिवस मी जे जे खाल्लं ते मंदासाठी खाल्लं, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. खुबानीची दुसरी वाटी मंदासाठी नव्हती. बालुशाही तर नव्हतीच.

जेवायला पाटावर बसलो. ज्वारीची भाकरी, तुरीचं घट्ट वरण, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. आणि मग पितळी पातेलं आलं. हुग्गी. खपली गहू कांडून, रात्रभर भिजवून, गुळात शिजवलेली. गहू फुलून मोत्यासारखे झालेले, वर खसखस, सुकं खोबरं, जायफळाचा वास. दुष्काळात दूध मिळणं मुश्कील, तरी कुठूनतरी वाटीभर दूध आणून वर घातलेलं दिसत होतं. आमच्या आईची हुग्गी अशीच व्हायची. आईनंतर मी ती खाल्ली नव्हती.

आधी खावी आणि मग सांगावं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे लपवत नाही. सांगायला जेवणानंतरही वेळ होता. हात धुताना सांगता आलं असतं. विडा खाताना सांगता आलं असतं.

आत्या पळी घेऊन माझ्या ताटापाशी आल्या. पळी भरलेली होती. ती त्यांनी ताटावर धरली आणि धरूनच ठेवली. वाढेनात आणि पुढेही सरकेनात.

"सिद्रामप्पा," मी म्हणालो, "मला गोड चालत नाही. मला साखरेचा आजार आहे."

अक्का माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिचा घास हातातच राहिला.

सिद्रामप्पांनी विचारलं, "कधीपासून?"

"सहा महिने झाले. मंदाच्या वडलांनाही होता. त्यातच ते गेले. हे आम्ही तुमच्यापासून लपवणार होतो. मला हुग्गी खायची होती, तेही एक कारण आहे."

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. बसवराजला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. सिद्रामप्पा हसले नाहीत. त्यांनी मंदाकडे वळून विचारलं, "पोरी, तुला ठाव होतं हे?"

"हो," मंदा म्हणाली. "बाबांच्या पायाची पट्टी मी बदलत होते. दोन वर्षं. मला उद्या हा आजार होईल की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. पण झालाच तर मी तो लपवणार नाही. तुम्हाला नको असेल तर आजच सांगा. माझी उद्या शाळा आहे."

तिनं मान खाली घातली नाही.

"पावन्यांच्या ताटात गोड वाढू नका," सिद्रामप्पा बहिणीला म्हणाले. मग आम्हाला, "जेवा सावकाश. जेवताना हे बोलणं नगं. आमी कळवतो."

कळवतो म्हणजे काय हे अक्काला चांगलं ठाऊक होतं. उदगीरवालेही कळवतो म्हणाले होते.

पळी माझ्या ताटावरून निघून गेली. ती पुढच्या ताटात रिकामी होताना मी पाहिली, आणि भाचीचं लग्न मोडत असताना माणसाला हुग्गीचं वाईट वाटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. थोड्या वेळानं आत्या परत आल्या. त्यांच्या हातात चहाचा चमचा होता. त्यात जेमतेम बारा-पंधरा गहू असतील. तो त्यांनी माझ्या भाकरीच्या कडेला रिता केला.

"इतकं चालतं. भाकरी अर्धी कमी खावा आन जेवल्यावर बाजारापतोर चालून या. आमचे मालक इतकं खाऊन चार वरसं झ्याक राहिले. मग एका लगनात वाटीवर वाटी खाल्ली, तवापासून बिघडलं."

मी ते गहू एकेक करून खाल्ले. घाईनं खाल्लेल्या खुबानीच्या दोन वाट्यांची चव मला आता नीट आठवत नाही. ते बारा-पंधरा गहू आठवतात. दाताखाली आधी गव्हाचा टणकपणा, मग गूळ, मग अगदी शेवटी जायफळ.

परत

परतीच्या गाडीत अक्का समोर बघत बसली होती. मंदा खिडकीला डोकं टेकवून झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. चाकूर गेलं. मी उतरलो नाही. अहमदपूर गेल्यावर अक्का पुढे पाहतच म्हणाली, "तुझ्या भाऊजींनी बी कुणाला सांगितलं न्हाई. कचेरीत न्हाई, भावकीत न्हाई. लोक काय म्हणतील म्हणून. पायाला काच लागली ती महिनाभर माझ्यापासून बी लपवली. मोजा घालून बसायचे."

मी माझ्या चपलेतल्या पायांकडे पाहिलं.

"मला तुझा राग आलाय," ती म्हणाली. "पर त्यांचा जास्त येऊन राहिला." आणि आत्यांनी निघताना भरून दिलेला तांब्या तिनं माझ्या हातात दिला. पाचव्या दिवसाच्या आदल्या दिवशी त्या घरानं आम्हाला तांब्याभर पाणी बांधून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला नळी उकळली. अस्सल विटकरी. सांगलीच्या कौलांचा रंग. यावेळी मी त्याला दुसरं नाव दिलं नाही. सांगलीला आल्यावर कमलला चारही दिवसांचे रंग सांगितले, खरे. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "खुबानी म्हणजे नक्की कशी लागते?" मी वर्णन केलं. ते ऐकून तिनं सुस्कारा सोडला आणि मला डॉक्टरांकडे नेलं.

महिना गेला. अक्काचं पत्र येईना. मी मनातल्या मनात लातूरचं स्थळ सोडून दिलं होतं. मग एक पोस्टकार्ड आलं, मंदाच्या अक्षरात. सिद्रामप्पा नांदेडला येऊन गेले. उमरीहून लातूरकडे बदलीचा अर्ज कसा करायचा, ते बसवराजनं कचेरीतून विचारून आणलंय. लग्न ज्येष्ठात. मामांनी दोन दिवस आधी यावं, आणि मामींना आणावं.

लग्न लातूरलाच झालं, साधं. पाणी टँकरनं आणलं होतं, म्हणून पत्रावळी आणि एकच गोड, बुंदीचा लाडू. मुहूर्तानंतर मी कमलबरोबर पंगतीत बसायला गेलो, तर आत्यांनी मला दंडाला धरून उठवलं. "तुमची जागा हितं न्हाई."

मला वाटलं, काहीतरी चुकलं. त्यांनी मांडवाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत मांडलेल्या वेगळ्या पंगतीकडे नेलं. तिथे चौदा माणसं बसली होती. निलंग्याचे एक सावकारी थाटाचे गृहस्थ, दोन चुलत्या, एक निवृत्त तलाठी, उदगीरचे कुणी नातेवाईक. मी बसल्यावर शेजारचे तलाठी हळूच म्हणाले, "तुमीच का ते, भर ताटावर सांगितलं ते?"

"हो."

"ते गावभर झालं. मग नागूबाईनं एकेकाला धरून इचारलं. म्या अकरा वरसं लपवलतं."

"मी सहा," निलंग्याचे गृहस्थ म्हणाले. "घरी बायकोला बी ठाव नव्हतं. तिला वाटायचं म्या उपास करतो."

पंगतीच्या टोकाला मान खाली घालून कुणीतरी उंच बसलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे. सिद्रामप्पांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि परत पानात पाहिलं.

"मला बी हाय," ते म्हणाले. "तीन वरसं झाली. त्या दिशी बोलायला पायजे होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"हुग्गी खायची होती," ते म्हणाले.

आत्या ताट घेऊन आल्या. ताटात चार लाडू, प्रत्येकाचे चार भाग केलेले. एकेक भाग त्या मोजून पानात ठेवत गेल्या. सोळा भाग, माणसं पंधरा. उरलेला तुकडा त्यांनी सगळ्यांच्या देखत, सावकाश, आपल्या तोंडात टाकला.